तेविसावा रकाना

भिवाभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी बोट टोचत, मग जयभीम करत. हिवतापाचे कर्मचारी होते. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचे, ताप असेल त्याचे रक्त काचेवर घ्यायचे आणि भिंतीवर गेरूने भेटीची तारीख लिहायची. आरमोरीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात मी कारकून. एका लग्नात त्यांनी वधूपित्याचाच हात धरलेला मी पाहिला आहे.

"ताप हाये का?"

"नाई जी, पोरीचं लगन हाये."

"मंग आंग काऊन गरम?"

गडचिरोली जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास सरकारने आरोग्यसेवाही नवी करायला घेतली. हिवतापवाले, देवीवाले, कुटुंबनियोजनवाले सगळे एका परिपत्रकाने बहुउद्देशीय झाले. उद्देश वाढले, सायकल तीच राहिली. बावीस रकान्यांचे रजिस्टर आले. भिवाभाऊंनी पेन्सिलीने तेविसावा आखला: 'एकटं मानूस'.

"हे कशाला?" मी विचारले.

"बाबू, गोळी मी देतो. पानी कोन देते?"

त्या रकान्यातल्या घरी ते पंधरवड्याऐवजी आठवड्याला जात.

तपासणीला आलेल्या साहेबांना रकाना दिसला. "हा कोणी मंजूर केला?"

"कोनी नाई जी. लोकं म्हातारे होऊन राह्यले, रजिस्टरमंदी निसते लेकरं अन् बाळंतिनी."

"खोडा. नाहीतर भामरागडला बदली."

"तिकडं बी म्हातारे असतीनच जी," भिवाभाऊ म्हणाले खरे. पण बदली झाली तर इकडच्यांचे काय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. त्यांनी माझ्याकडून रबर मागून घेतले आणि रकाना पुसला. साहेबांनी शेऱ्यात 'सुधारणा समाधानकारक' असे लिहिले.

पुढच्या फेरीपासून काही भिंतींवर तारखेशेजारी एक छोटा गोल दिसू लागला.

"रजिस्टर सायबाचं," ते मला म्हणाले, "भिंत लोकायची."

पावसाळा सरताना ते दोन दिवस कामावर आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दाराशेजारी गेरूच्या तारखा होत्या, आधी पंधरवड्याच्या, मग आठवड्याच्या, खाली त्यांचीच सही. अलीकडच्या प्रत्येक तारखेपुढे गोल होता.

आत भिवाभाऊ घोंगडीखाली कुडकुडत होते. मला पाहताच त्यांनी बोट पुढे केले.

"मला टोचता येत नाही," मी म्हणालो.

"कारकून तो कारकूनच," ते पुटपुटले. गोळी त्यांच्या मुठीत होती, सकाळपासून असावी. मडके कोपऱ्यात होते. मी उठलो आणि पेला भरून आणला.

गोळी गिळून ते आडवे झाले. डोळे मिटूनच म्हणाले, "जाताना भिंतीवर तारीख लिवजो, बाबू."

मी लिहिली. तिच्यापुढे गोल मात्र काढला नाही.