पांढऱ्या चादरीमागे

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाच्या बायकोचा स्वतःचा धड एक फोटो नसावा, याचं नवल फक्त तिलाच वाटत होतं. लग्नानंतर एक काढला होता, तोही पासपोर्टसाठी, आणि पासपोर्ट कधी लागलाच नाही. दर वसंतात टेकडीवर रानफुलं फुलत आणि ती म्हणे, "एकदा त्या फुलांत माझा फोटो काढा ना." नवरा म्हणे, "पुढच्या वर्षी."

यंदा मात्र त्याने खरंच दुकान बंद ठेवलं. तिने ठेवणीतले निळे कपडे घातले. टेकडीवर पोचताच नवऱ्याने पिशवीतून दुकानातली पांढरी चादर काढली.

"ही कशाला?"

"मागे पसारा दिसतो गं. धर जरा. आधी फुलांचे काढतो, मग निवांत तुझा."

तिने चादर धरली. त्याने एका जांभळ्या फुलाची मान बोटाने सरळ केली आणि सवयीने बजावलं, "हलायचं नाही." फूल हललं. त्याने पुन्हा बजावलं.

गावातल्याच सहलीच्या बसमधून आलेली एक बाई हे बघत होती. "दादा, सासूबाईंचा पासपोर्टचा काढाल? गुडघ्यांमुळे त्यांना तुमच्या दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत." अख्खी टेकडी चढून आलेल्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

गिऱ्हाइकाला नाही म्हणणं नवऱ्याच्या रक्तात नव्हतं. सासूबाईंचा झाला, मग सुनेला हवासा वाटला, मग सगळ्या बसला. फुलं तुडवत रांग लागली. "हनुवटी वर. दात नको," म्हणत तो एकेकाची हनुवटी बोटाने वर करत होता. चादरीमागे बायकोचे हात भरून आले. तिथून तिला ना फुलं दिसत होती, ना नवरा. ऐकू येत होता तो त्याचा आवाज, आणि तोही दुसऱ्यांशीच बोलणारा. आपलीही हनुवटी कुणीतरी अशी बोटाने वर करावी, असं तिला फार वाटलं.

शेवटी बसचा ड्रायव्हर लायसनच्या फोटोसाठी उभा राहिला आणि वाऱ्याने डाव साधला. चादर सुटली ती थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर. तो आतून चाचपडू लागला. रडावं की चिडावं हे ठरायच्या आत तिला हसू फुटलं.

"हं, आता तू," नवरा म्हणाला आणि कॅमेरा बंद पडला. "बॅटरी गेली. पुढच्या वर्षी नक्की."

परतीच्या वाटेवर ती चादर काखेत मारून त्याच्या चार पावलं पुढे चालली.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दुकानात गेली, तर ड्रायव्हर तावातावाने बोलत होता. "यात मी कुठंय?" काचेत भलामोठा फोटो लावलेला होता. पुढे चादरीचं गाठोडं, आणि त्याच्यामागे फुलांत निळ्या कपड्यांतली ती, डोळे मिटून खळखळून हसणारी.

"तुमचा पुन्हा काढून देतो," नवरा म्हणाला. "हा माझ्या बायकोचा आहे."

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "डोळे मिटलेत माझे. सरकारी कामाला चालायचा नाही."

"मग परत काढू."

ती स्टुलावर बसली. त्याने बोटाने तिची हनुवटी हलकेच वर केली आणि कॅमेऱ्याकडे जायचं विसरूनच गेला.

"अहो, माझं लायसन," ड्रायव्हर म्हणाला.