हळव्या गेंड्याची बायको

एका जंगलात, मुलांनो, धोंडबा नावाचा एक गेंडा राहत होता. त्याच्या बायकोचं नाव शेवंता. दोघंही तुमच्या पुस्तकातल्या चित्रात असतात तशीच होती. नाकावर शिंग, अंगावर घड्या, आणि चेहरा असा, की कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवलंय.

जंगलात प्रत्येकाला काही ना काही काम असतं. धोंडबाचं काम होतं बोलणी खाणं.

हसू नका. हे फार मोठं काम आहे. जंगलाचा राजा होता सिंह, आणि सिंहाला काही बोलायची सोय नव्हती. मग पाऊस लांबला, तळं आटलं, पिल्लू ऐकेना, सासू ऐकेना, की जो तो उठायचा आणि धोंडबाकडे यायचा. "अरे ढोल्या, अरे दगडा, तुझ्यामुळे झालं हे सगळं," असं मनाला येईल ते त्याला बोलायचा. धोंडबा गवत चघळत ऐकायचा. समोरच्याचा दम संपला की विचारायचा, "झालं? आता पाणी पी." समोरचा पाणी प्यायचा आणि हलक्या मनानं घरी जायचा.

कातडीच गेंड्याची. धोंडबाला काही लागायचंच नाही.

शेवंताला मात्र कधीकधी वाटायचं, याला थोडं तरी काही वाटावं. एकदा ती पलीकडच्या डबक्यातल्या तांबूस मातीत लोळून, नटूनथटून त्याच्यासमोर आली.

"कशी दिसते?" तिनं विचारलं.

धोंडबानं नीट पाहिलं. "चिखल लागलाय," तो म्हणाला.

पण तिच्या पायात काटा गेला, तर तिनं सांगायच्या आत तो मान खाली घालायचा, शिंगाच्या टोकानं काटा उडवायचा आणि पुन्हा चरायला लागायचा. एक शब्द नाही. त्यामुळे शेवंता फारसं मनावर घेत नसे.

दर थंडीत हिमालय ओलांडून करकोचे त्या जंगलात यायचे. त्या वर्षी त्यांतला एक करकोचा गळ्यात माळ घालून आला. म्हणाला, "मी चीनमध्ये पांडांच्या पायाशी बसून ज्योतिष शिकून आलोय." पांडांनी त्याला खरंच काही शिकवलं की ते नुसतेच बांबू खात बसले होते, हे कुणी विचारलं नाही. हिमालयापलीकडून आलेल्याला असले प्रश्न विचारत नाहीत.

सगळे त्याला करकोचेगुरुजी म्हणू लागले. दक्षिणा एक बेडूक. बेडकांचं भविष्य विचारायला कुणी आलं नाही.

"चिनी ज्योतिष सोपं आहे," गुरुजी एका पायावर उभे राहून सांगायचे. "ग्रहबिग्रह काही नाही. बारा प्राणी, त्यांची बारा वर्षं. उंदराचं वर्ष, बैलाचं, वाघाचं, सशाचं, असं करत करत डुकराचं. ज्याच्या वर्षात जन्म, त्याचा स्वभाव."

"म्हणजे मी माकड दिसत असलो तरी डुक्कर असू शकतो?" एका थोराड माकडानं विचारलं.

"शक्य आहे."

"मी केव्हापासून हेच म्हणतेय," माकडीण म्हणाली.

शेवंता धोंडबाला घेऊन गुरुजींकडे गेली. जाताना तिच्या मनात एवढंच होतं, की याच्या आत काही आहे का, ते एकदा कळावं.

"जन्म कधीचा?" गुरुजींनी विचारलं.

"आई म्हणायची, मोठा पूर आला त्या साली," धोंडबा म्हणाला.

गुरुजी पायाच्या बोटांवर मोजू लागले. करकोच्याला बोटं कमी आणि वर्षं बारा, त्यामुळे वेळ लागला. मग त्यांनी डोळे मिटले.

"सशाचं वर्ष," ते म्हणाले. "हा गेंडा नाही. हा ससा आहे. अत्यंत हळवा जीव. तुम्ही सगळे याला इतकी वर्षं काय काय बोललात. ते कुठेही गेलेलं नाही. सगळं आत साठलंय."

गर्दीत एक खरा ससा होता. तो म्हणाला, "गुरुजी, ससे हळवे नसतात. आम्ही घाबरट असतो. त्यात फरक आहे."

"तुझं वर्ष कोणतं?"

"वाघाचं सांगितलंत काल."

"मग तुला सशांबद्दल काय माहीत?" गुरुजी म्हणाले.

त्याच वेळी धोंडबाच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. आता खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यात चिलट गेलं होतं. पण वेळच अशी होती, की सगळं जंगल गहिवरलं. शेवंताचा तर ऊर भरून आला.

"अहो, मला कधी सांगितलं का नाहीत?" घरी जाताना तिनं विचारलं.

धोंडबा थांबला. जरा विचार करून म्हणाला, "तू कधी विचारलंस?"

शेवंताला फार अपराधी वाटलं. तिनं त्या दिवशी कोवळं गवत त्याला दिलं आणि स्वतः जून गवत खाल्लं. धोंडबाला हे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वल आलं. त्याच्या मधाच्या पोळ्यावर दुसऱ्यानं हात मारला होता. "अरे ढोल्या," त्यानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

धोंडबाचं चघळणं थांबलं. "हे तू मला म्हणालास?"

"मग कुणाला? इथे दुसरं आहे कोण?"

धोंडबा वळला. हळूहळू चालत गेला आणि चिखलाच्या खड्ड्यात तोंड फिरवून बसला. अस्वल आपला राग घेऊन तसंच उभं राहिलं. मग तो राग त्यानं घरी नेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या गुहेतून आदळआपट ऐकू येत होती.

असं घरोघर होऊ लागलं. हरिणी पाडसावर खेकसू लागली. खारीनं नवऱ्याचं शेपूट चावलं. शेवटी सगळे जमले आणि ठरलं, की चूक आपलीच आहे, धोंडबाशी यापुढे हळू आवाजात आणि गोड बोलायचं. मोरानं ओरडायची जागा बदलली. सुतारपक्षी मऊ लाकूड शोधू लागला.

धोंडबाचा हळवेपणा वाढत गेला. पान गळलं तरी त्याला गलबलून यायचं. ढग सूर्यासमोर आला, की तो म्हणायचा, "माझंच असं होतं."

आणि एक दिवस शेवंताच्या पायात काटा गेला. बाभळीचा, चांगला लांब. ती लंगडत त्याच्याजवळ आली. मान खाली जाईल म्हणून थोडी थांबली. मान खाली गेली नाही.

"अहो, काटा लागलाय."

धोंडबानं सुस्कारा सोडला. "ज्या सुरात सांगितलंस ना, तो मला लागला."

"कोणत्या सुरात?"

"दुखल्यासारख्या."

"दुखतंय म्हणून."

"तुला पायालाच लागलंय," धोंडबा म्हणाला. "मला कुठे लागलंय, ते दाखवतासुद्धा येत नाही."

शेवंतानं त्याची क्षमा मागितली. मग ती झाडामागे गेली, खडकावर पाय घासत बसली आणि बऱ्याच वेळानं काटा निघाला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, की तो नुसता गेंडा होता तेच बरं होतं. पण असं वाटणं चांगल्या बायकोचं लक्षण नाही, म्हणून तिनं तो विचार गिळून टाकला.

चैत्र आला. पाचोळा कुरकुरीत झाला. एका भर दुपारी डोंगराच्या उताराला वणवा लागला.

आता जंगलात वणवा लागला, की तो पायांनी तुडवून विझवायचं काम गेंड्याचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरा ससा सगळ्यांत वेगवान, म्हणून त्याला धोंडबाकडे पाठवलं. तो धावत आला, पण त्याला ठराव आठवला. त्यानं श्वास सावरला आणि आवाज मऊ केला.

"धोंडबाकाका, तुमच्या मनाला त्रास होणार नसेल, तर एक सांगू?"

"आधी मी कसा आहे, ते विचार."

"कसे आहात?"

"काय सांगू," धोंडबा म्हणाला, आणि सांगू लागला.

ससा ऐकत राहिला. मागे धूर वर चढत होता. धोंडबा लहानपणापर्यंत आला, तेव्हा सशाच्या शेपटीला ऊब लागली.

"काका, सगळं बरोबर आहे. पण तिकडे थोडंसं पेटलंय."

"पेटलंय? म्हणजे तू माझी विचारपूस करायला आलाच नव्हतास," धोंडबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला चिलटबिलट काही नव्हतं.

शेवंता ओढ्याकडे होती. धुराचा वास आला तशी ती धावत आली. समोर बघते तर नवरा चिखलात तोंड फिरवून बसलेला, ससा त्याची समजूत घालतोय, आणि ज्वाळा बांबूच्या बेटाला भिडलेल्या. बेटाच्या पलीकडे हरिणांची पाडसं होती.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"हा सूर," धोंडबा म्हणाला.

शेवंतानं पुढचं ऐकलं नाही. ती आगीत शिरली. तिलाही चार पाय होते आणि तेही गेंड्याचेच होते, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं पाचोळा तुडवला, फांद्या तुडवल्या, निखारे तुडवले. बेट वाचलं, पाडसं वाचली. उन्हं कलली तेव्हा ती बाहेर आली. अंगभर काजळी आणि चारी तळवे भाजलेले.

तळ्याकाठी सगळं जंगल जमलं होतं. धोंडबाभोवती.

"दुरून आग बघायची, आणि तीही असल्या मनानं," हरिणी म्हणत होती. "काय सोसलं असेल बिचाऱ्यानं."

अस्वल पळसाच्या पानानं त्याला वारा घालत होतं. माकडीण कपाळाला थंड माती लावत होती.

"मला न सांगता गेली ती," धोंडबा क्षीण आवाजात म्हणाला. सगळ्यांनी शेवंताकडे पाहिलं, आणि मग पुन्हा त्याच्याकडे.

शेवंता तशीच पुढे गेली. उथळ पाण्यात करकोचेगुरुजी एका पायावर उभे होते. त्यांची उत्तरेला परत जायची तयारी चालली होती.

"गुरुजी, माझंही वर्ष बघा," ती म्हणाली.

"जन्म कधीचा?"

"त्याच पुरातला. ह्यांची आई आणि माझी आई एकाच टेकडीवर चढल्या होत्या."

गुरुजींनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांनी धोंडबाभोवतीची गर्दी पाहिली, शेवंताचे तळवे पाहिले आणि डोंगरावरून अजून येणारा धूर पाहिला. गुरुजी शहाणे होते. पुढच्या थंडीत त्यांना याच जंगलात यायचं होतं, आणि तोवर जंगल जागेवर असायला हवं होतं.

"बाई," ते म्हणाले, "शास्त्र असं आहे, की एका घरात एकच ससा. दुसऱ्याला बैल व्हावं लागतं."

"आणि बैलाला दुखत नाही?"

"दुखतं. पण ते शास्त्रात नाही."

एवढं बोलून गुरुजी उडाले.

शेवंता पाण्याजवळ बसली. थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. अस्वल होतं. पळसाचं पान अजून त्याच्या हातात होतं.

"वहिनी, वेळ आहे का?" ते म्हणालं. "पोळ्याचं ते केव्हापासून मनात राहिलंय. कुणाला तरी बोलायचं होतं."

शेवंतानं चारी पाय पाण्यात सोडले.

"बोल," ती म्हणाली.

तात्पर्य: हळवं मन ही देवाची देणगी आहे, पण ती घरात जो आधी मागेल त्यालाच मिळते. म्हणून मुलांनो, ज्योतिषाकडे जोडीनं गेलात, तर रांगेत आपण पुढे उभं राहावं.