सुप्रियाचा केक गुलाबी झाला

खालापूरच्या अलीकडे रिक्षा खड्ड्यात आदळली, तेव्हा निशिगंधाने मांडीवरचा खोका दोन्ही हातांनी असा कवटाळला, की रिक्षावाल्याने आरशातून मागे बघत विचारलं, "ताई, बाळ हाय का काय आत?"

"केक आहे. जरा सावकाश घ्या ना दादा."

"केकच ना? मग एवढं काय!"

एवढं काय ते निशिगंधाला ठाऊक होतं. आज तिच्या थोरल्या बहिणीचं, सुप्रियाचं डोहाळजेवण. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे माहेरची म्हणून दहिवलीहून निघाली होती ती एकटी निशिगंधा. मुळात ती अशी, की गॅस बंद केला का हे बघायला फाटकापर्यंत गेलेली परत येणार. त्यात सुप्रियाच्या सासूबाई आनंदीबाई म्हणजे गावात नाव असलेल्या, रीतीभातीला कडक. माहेरून आलेल्या करंज्यासुद्धा त्या आधी हातात धरून वजन बघत आणि मग चव घेत.

आणि खोक्यातला केक साधा नव्हता. पिशवीतली सुप्रियाची साडी तर त्याहून नव्हती.

दोघी बहिणींना हे वेड शाळेपासूनचं. विज्ञानाच्या पुस्तकात जे दिसेल ते यांना करून बघायचं, नाहीतर घालून मिरवायचं, नाहीतर भाजून खायचं असे. सुप्रियाने लोकरीची ग्रहमाला विणली, तर निशिगंधाने जुन्या रेडिओतले रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर काढून कानातली केली. नानकटाईवर मूलद्रव्यांची चिन्हं काढून दोघींनी अख्ख्या आळीला वाटली होती, आणि आळीने ती "इंग्लिश नानकटाई" म्हणून आनंदाने खाल्ली होती. पुढे निशिगंधा रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली आणि सुप्रिया लग्न होऊन खालापूरकडे गेली. सासरी तिने हे खेळ जरा आवरते घेतले. पण सातवा महिना लागला आणि तिच्या डोहाळ्यांनी भलतीच दिशा धरली.

"निशी, हिरवी साडी तू रंगव," तिने फोनवर फर्मावलं होतं. "पांढरी सुती घे. आधी हळदीत बुडव, मग गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यात. पिवळा आणि निळा, झाला हिरवा!"

"आणि रंग टिकला नाही तर?"

"एका दुपारचा तर प्रश्न आहे. केकसुद्धा गोकर्णाचाच कर. निळा. वरून लिंबाचं पाणी ओतलं की रंग बदलतो ना, तसा. आमच्याकडच्या बायका बघतच राहतील."

बायका बघत राहतील याचीच निशिगंधाला भीती वाटत होती.

सुरुवात मात्र झकास झाली. अंगणात मांडव, फुलांनी मढवलेला झोपाळा, आणि झोपाळ्यावर हिरवीगार सुप्रिया. मोगऱ्याचा मुकुट, मोगऱ्याचे बाजूबंद. आनंदीबाईंनी पदर दोन बोटांत धरून पाहिला.

"रंग बरा हाय. कुठली गं?"

"कर्जतहून आलीये," सुप्रिया म्हणाली. दहिवली कर्जतलाच लागून, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

तिच्या स्वतःच्या ओढणीवर तिने डीएनएची दुहेरी वेटोळी विणली होती. शेजारच्या एका बाईंनी ती निरखून "शिडी छान काढलीय हो" असं म्हटलं, तेव्हा तिने मुकाट्याने मान डोलावली.

मग बायकांनी वाट्यांचा खेळ मांडला. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत बर्फी, एकीत पेढा. बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. सुप्रियाने झाकण उचललं, पेढा निघाला, आणि आनंदीबाईंचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्त्या, जयवंताबाई पुढच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. सुप्रियाच्या गोळ्या, तपासण्या सगळं त्याच बघत. त्यांनीही हसून टाळ्या वाजवल्या.

ओटी भरून झाली. सुप्रियाला झोपाळ्यावरून उतरवायला तिच्या आजेसासूबाई गौराबाई पुढे झाल्या. गौराबाईंच्या तोंडात पान कायम, आणि चुन्याची डबी कमरेला. "ये गं माझी बाय," म्हणत त्यांनी नातसुनेच्या कमरेला मागून हात लावला आणि तिला उठवलं.

सुप्रिया वळली. आणि मागे बसलेली तिची नणंद जागृती किंचाळली.

"वैनी! साडीला लाल!"

कमरेच्या खाली हिरव्या साडीवर लालभडक डाग होता. डोहाळ्याचं गाणं मधल्याच ओळीवर थांबलं. आनंदीबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"देवेश! अरं देवेश! गाडी काढ आधी! हॉस्पिटलला न्यायचीय!"

पुरुषमंडळींत ओट्यावर बसलेला सुप्रियाचा नवरा देवेश एका पायात चप्पल घालून पळाला. जयवंताबाईंनी सुप्रियाला धरून खुर्चीवर बसवलं. "दुखतंय का? चक्कर हाय का?"

"मला काही होत नाहीये हो," सुप्रिया गोंधळून म्हणाली.

काय झालं असेल, आईला काय सांगायचं, सगळं एकदम निशिगंधाच्या डोक्यात फिरलं. तिने गुडघे टेकून डाग पाहिला. डागाला चार बोटं होती. बाजूला अंगठासुद्धा होता.

तिने मान वर करून गौराबाईंच्या हाताकडे पाहिलं. बोटं चुन्याने पांढरी.

"लिंबू!" निशिगंधा ओरडली. "लिंबू द्या कुणीतरी!"

"चक्कर तिला यायला पायजे, तुला कशाला लिंबू?" आनंदीबाई कडाडल्या. तरी कुणीतरी लिंबू दिलं. निशिगंधाने ते दाताने फोडलं आणि बहिणीच्या साडीवर पिळलं. सगळ्यांच्या देखत लाल बोटं एकेक करून पुसट झाली आणि त्या जागी पिवळसर ओल उरली.

"रक्त नाहीये," निशिगंधा धापा टाकत म्हणाली. "साडीत हळद आहे. हळदीला चुना लागला की लाल होते. आजींच्या हाताला चुना होता. लिंबू पिळलं की परत पिवळी."

जयवंताबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. गौराबाईंनी आपली बोटं कौतुकाने उलटसुलट करून पाहिली. आनंदीबाई मात्र खाली बसल्या त्या बसल्याच. श्वास जागेवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य आलं.

"साडीत हळद कशी काय? दुकानवाले साडीत हळद घालतात?"

निशिगंधाने सुप्रियाकडे पाहिलं. सुप्रियाने मोगऱ्याकडे पाहिलं.

"आम्ही घरी रंगवली," निशिगंधा म्हणाली.

"ओटीची साडी! घरी! हळदीच्या पातेल्यात!" आनंदीबाईंचा आवाज चढला. "माझा जीव जायचा राहिला, आन तुमी दोघी बहिणी खेळताय?"

आता गप्प बसायला हवं होतं. निशिगंधाला ते कळतही होतं. पण घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, तो समजावून सांगायला जातो.

"खेळ नाही हो काकू, विज्ञान आहे. एकदम निरुपद्रवी. थांबा, तुम्हाला दाखवतेच. केकमध्येसुद्धा तसंच आहे."

तिने खोका उघडला. आकाशासारखा निळा केक पाहून बायकांनी माना पुढे काढल्या. निशिगंधाने बरोबर आणलेली लिंबाच्या पाण्याची बाटली उघडली आणि धार धरली. पण घाईत थोडं ओतायचं ते सगळंच ओतलं गेलं. निळा रंग जांभळा झाला, जांभळा उजळत गेला, आणि बघता बघता केक गुलाबी झाला. कसा गुलाबी, तर बारशाच्या झबल्यासारखा.

"अय्या!" जागृती उभीच राहिली. तिच्या हातात मोबाइल होता आणि डोक्यात त्यातले सगळे व्हिडिओ. "हे मी बघितलंय! फॉरेनला अस्संच करतात! केक निळा तर मुलगा, गुलाबी तर मुलगी! वैनीला मुलगी होणारेय!"

निशिगंधाच्या हातून बाटली सुटली.

जयवंताबाई उठल्या. आता त्या डोहाळजेवणाला आलेल्या बाई राहिल्या नव्हत्या, नखशिखांत आशाताई झाल्या होत्या.

"कुठं केली तपासणी?"

"कसली तपासणी?"

"भोळी बनू नको. मुलगी हाय हे कळलं कसं? कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? गुन्हा हाय तो! सांगणाऱ्याला जेल, विचारणाऱ्याला जेल!"

"अहो, कुणीच सांगितलं नाही! केक आहे तो! आणि मघाशी तुम्ही नाही का बर्फी-पेढा केलात? तेव्हा तर टाळ्या वाजवल्यात!"

"ते नशीब असतं," जयवंताबाई ठासून म्हणाल्या. "हे सायन्स हाय. आत्ता तूच म्हणलीस."

तेवढ्यात देवेश घामाघूम होऊन मांडवात शिरला. "गाडी लावलीय! चला हॉस्पिटलला!"

"हॉस्पिटल ऱ्हायलं आता," आनंदीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता पोलीस ठाण्यात न्यावं लागतंय."

देवेश आळीपाळीने बायको, मेव्हणी आणि गुलाबी केक यांच्याकडे पाहत राहिला. सुप्रियाला हसू आवरत नव्हतं. ती तोंडावर पदर दाबून गदगदत होती, आणि त्यामुळे चार बायकांना ती रडतेय असं वाटून त्यांनीही डोळे पुसले.

निशिगंधाला डोळ्यांपुढे सगळं दिसायला लागलं. पोलीस, पंचनामा, पुरावा म्हणून जप्त केलेला केक, कारखान्यातून मिळालेला नारळ, आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली आई चौकीच्या बाकावर. त्या भीतीतच तिला सुचलं.

"सोडा आहे का घरात? खायचा सोडा?"

"आता सोडा कशाला?" आनंदीबाई किंचाळल्या.

जागृतीने आतून डबा आणला. निशिगंधाने पेलाभर पाण्यात मूठभर सोडा कालवला आणि केकच्या अर्ध्या भागावर ओतला. फसफस झाली, बुडबुडे आले, आणि ते विरले तेव्हा अर्धा केक हिरवा झाला होता.

"बघा!" निशिगंधा जवळजवळ रडत म्हणाली. "आंबट घातलं की गुलाबी, सोडा घातला की हिरवा. बाळाचा काही संबंध नाही. हा नुसता फुलाचा रंग आहे!"

जयवंताबाई केकभोवती एक फेरी मारून आल्या. चेहऱ्यावरचा संशय जायला तयार नव्हता.

"गुलाबी म्हंजे मुलगी. निळा म्हंजे मुलगा," त्या बोट नाचवत म्हणाल्या. "मग हिरवा म्हंजे काय?"

"पोपट!" गौराबाई पानाचा तोबरा सांभाळत म्हणाल्या. "तुझा झाला बघ, जयवंते!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यात आधी फुटल्या त्या आनंदीबाई. त्यांना हसताना सुप्रियाने लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं मोकळं पाहिलं. त्या हसल्या म्हटल्यावर मांडव हसला, आणि शेवटी जयवंताबाईंनाही हसावंच लागलं. केक कापला गेला. गुलाबी भाग पोरीबाळींनी पळवला. सोड्याचा हिरवा भाग कुणी खाईना, तेव्हा आनंदीबाईंनी "अन्न हाय" म्हणून एक घास घेतला आणि "पोट साफ होईल" एवढाच अभिप्राय दिला. निघताना त्यांनी निशिगंधाची ओटी भरली. "पुढच्या येळी विकतची साडी आण गं," असं त्या म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती.

दिवस भरले आणि सुप्रियाला मुलगी झाली. गुटगुटीत, जावळ भरपूर. आनंदीबाईंनी आळीभर बर्फी वाटली, आणि बर्फीबरोबर डोहाळजेवणाची गोष्टही वाटली. ती गोष्ट खालापूरच्या बाजारात पोचेपर्यंत तिच्यातून सोडा गळला, पोपट उडाला. उरलं ते एवढंच, की दहिवलीच्या एका पोरीने केक केला, तो गुलाबी झाला, आणि मुलगी झाली.

एका दुपारी निशिगंधा प्रयोगशाळेत असताना फोन आला.

"निशिगंधा ना गं? मी जयवंता. आशाताई."

निशिगंधाने हातातली परीक्षानळी आधी स्टँडला लावली. "ताई, मी खरंच काही तपासणी नव्हती केली हो. बाळ झाल्यावर आता परत कशाला—"

"अगं ऐक तरी. घरातनं बोलतेय, जोरात बोलता येत नाय." आवाज कुजबुजीवर आला. "माझ्या सुनेला सातवा लागलाय. डोहाळजेवण ठरलंय. तुझा तो केक पायजे."

"पण ताई, तो फक्त रंग असतो! तुमच्यासमोर दाखवलं ना मी? आणि कायदा..."

"कायदा तू मला शिकवू नको. गावाला मी शिकवते," जयवंताबाई म्हणाल्या. "मला सगळं कळतंय गं. पण आमच्या घरात नुसते पोरगेच. सासऱ्याला भाऊ, नवऱ्याला भाऊ, मला पोरगे, आता नातवंडं दोन, तेबी पोरगेच. किती वर्षं झाली, घरात एक झबलं गुलाबी आलेलं नाय. एक दुपार तरी बघू दे."

मुलगा झाला तर काय, हा प्रश्न निशिगंधाच्या ओठांवर आला होता, पण पलीकडून कुणाची तरी चाहूल लागली असावी, कारण जयवंताबाईंनी घाईघाईने बोलणं आटोपतं घेतलं.

"लिंबं आमच्या झाडाची देते, हवी तेवढी पीळ. फक्त तो सोडा तेवढा घरी ठेवून ये."