नमुन्याची हळद

"नाय म्हणायचं, एवढंच ना? त्याला काय अक्कल लागते! आण तो फोन!" देवरामदा ऐटीत म्हणाले.

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, सरिताबाईंच्या हातून लाटणंच निसटलं. देवरामदांना 'नाय' म्हणता येत नाही, हे किन्हवलीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. दारावर आलेल्या विक्रेत्यांचं मन मोडवत नाही म्हणून घरात पाच नॉनस्टिक तवे जमले होते. मुलगा नोकरीला बाहेरगावी, खाणारी माणसं तीन!

सून कुणाली घरूनच काम करायची. मोबाइलची नवी ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी तपासायची. सहा महिने कच्ची नोकरी झाली होती. आज पाचच्या आत अहवाल चोख गेला तर ती पक्की, नाहीतर रामराम! ॲप होतं निमंत्रणं पाठवण्याचं. नवख्या माणसाच्या हातात ते कसं वागतं हे पाहायला तिनं सासऱ्यांचा फोन निवडला होता. त्यात नावं सहाशे बारा!

"बाबा, काल आपण या ॲपला फोनमधली नावं बघायची परवानगी दिलेली. आज ती मी काढून घेतलीय. ते परत विचारील. तुमी 'नकार' दाबा, मग 'पाठवा' दाबा. परवानगीच नाय म्हटल्यावर एकही निमंत्रण जाता कामा नये. कळलं?"

आणि ती आत मीटिंगला बसली.

फोनवर अक्षरं उमटली, 'आपले संपर्क पाहण्याची परवानगी द्याल का?'

देवरामदा विरघळले. इतक्या अदबीनं त्यांना या घरात कोणी कधी काही विचारलं नव्हतं! शेवटी डोळे घट्ट मिटून, "माफ कर रे बाबा," असं पुटपुटत त्यांनी 'नकार' दाबला. मग 'पाठवा'.

दोन मिनिटांत म्हशाहून बहिणीचा, मैनाचा फोन.

"दादा, घरात हळद, नि सख्ख्या बहिणीला आज कळवतोस? आणि हा नमुना कोण रे?"

"कसला नमुना?"

"तूच धाडलंस ना! 'चि. नमुना आणि चि. सौ. कां. चाचणी यांची हळद, आज संध्याकाळी.' तुमच्या घरात नमुना एकच, तो तू!"

कुणालीनं तपासणीपुरता भरलेला मजकूर तो! पाठोपाठ तानशाहून चुलतभाऊ शामचा फोन. "चाचणी कुठली रे? पोरगी आपल्यातलीच ना?" मग बँजोपार्टीवाल्या जगनचा. "देवरामदा, बँजो सांगू का? पोरं मोकळीच हायत."

हळद नाहीच, हे सांगायला देवरामदांनी तोंड उघडलं. पण समोरचा किती आनंदात! "बघ बाबा, तुझी मर्जी," एवढंच बाहेर पडलं.

कुणाली धावत आली. "बाबा, होकार दाबलात ना? सहाशे बारा निमंत्रणं गेली! सायबांना काय सांगू? गेली माझी नोकरी!"

"नाय गो, मी नकारच…"

"जमलंय कधी त्यांना?" सरिताबाई आतून म्हणाल्या.

देवरामदा आठवू लागले. डोळे तर मिटलेले होते. अंगठा घसरला असेल? विचार करकरून त्यांची खात्रीच पटली. "माझंच चुकलं गो. तसंच लिही."

डोळे पुसत कुणालीनं अहवाल लिहायला घेतला. परवानगीची नोंद बघायला फोनची सेटिंग उघडली आणि किंचाळली!

"बाबा! इथं 'नाकारली' हाय! तुमी खरंच नाय म्हणालात! या लबाड ॲपनं कालच नावं उतरवून ठेवली, नि आज नकार मिळाल्यावर त्याच यादीवर निमंत्रणं धाडली!"

पाचला दहा कमी असताना अहवाल गेला. सव्वापाचला साहेबांचा फोन आला. एवढी मोठी खोट आजवर कोणाला सापडली नव्हती. नोकरी पक्की!

माफीचे निरोप पाठवायला कुणालीनं फोन हातात घेतला, तोच दारात टेम्पो. मैना, अकरा बायका, हळदीचं पातेलं, मागे जगनचा बँजो.

"बाबा, आता स्पष्ट सांगा, हळद नाय!"

देवरामदा छाती काढून पायरी उतरले. एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा का जमू नये?

"दादा," मैना म्हणाली, "हळद कालवून आणलीय. परत कशी नेऊ?"

पाऊण तासानं, ॲपची सगळी लबाडी मैनाला सांगून झाल्यावरही, देवरामदा अंगणात पाटावर बसले होते, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत पिवळेधमक. शेजारच्या पाटाकडे चौघीजणी सरिताबाईंना ओढत होत्या.

"अगो, मला कोणी विचारलं का?" सरिताबाई ओरडल्या.

"तुला कशाला विचारायचं, वहिनी?" मैनानं पातेल्यात हात घातला. "दादाच्या फोनच्या यादीत तुझं नाव हाय ना!"