पाते-आकार निश्चिती समितीचा वृत्तान्त

माणूस रानात कशाने मरतो याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण चुकीच्या आकाराचे पाते घेऊन रानात गेलेला माणूस चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही, याबद्दल एकमत आहे. आमच्या पुण्याच्या अरण्यवास मंडळाने हे सत्य १९८१ सालीच ओळखले. मंडळ स्थापन होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती आणि सभासद एकदाही अरण्यात गेले नव्हते. कारण उघड होते. मंडळाकडे प्रमाणित चाकू नव्हता.

चाकूला पाते लागते आणि पात्याला आकार. म्हणून अकरा जणांची पाते-आकार निश्चिती समिती नेमली. (सभासद अकराच होते.) अध्यक्ष हैबतराव, पेशाने दंतवैद्य, म्हणजे टोकदार वस्तूंचे जाणकार. चिटणीस मी.

समितीपुढे तीन आकार आले. एक, पाठ शेवटपर्यंत सरळ असलेला ‘सरळसेवक’. दोन, पाठ हळूहळू टोकाकडे उतरणारा ‘केळपान’. तीन, टोकाजवळ पाठीचा लचका तोडल्यासारखा ‘पोपटचोच’. हा तिसरा हैबतरावांच्या भाच्याने परदेशी सूचिपत्रातून कापून पाठवला होता, त्यामुळे तो मुळातच जरा पुढे होता. चौदा महिन्यांत बावीस बैठका झाल्या. तीन गणसंख्येअभावी तहकूब झाल्या, एक बटाटेवड्यांअभावी. अरण्य भूगावच्या अलीकडे सुरू होते की पलीकडे, यावर दोन बैठका गेल्या. शेवटी ते पलीकडे सुरू होते असे सात विरुद्ध चार मतांनी ठरले. पोपटचोचही सात विरुद्ध चार मतांनीच मंजूर झाली. (चार जण प्रत्येक गोष्टीला विरोध करीत. लोकशाहीला ते आवश्यक असते.)

मग १९८२च्या डिसेंबरात आम्ही पात्याचा नकाशा घेऊन पौडच्या बाजारात नबीलाल लोहाराकडे गेलो. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, “सायेब, ह्यानं तोडायचं काय?”

हा प्रश्न बावीस बैठकांत कोणी काढला नव्हता. हैबतराव शांतपणे म्हणाले, “तो विषय उपयोग-समितीचा. आम्ही आकार-समिती.”

“आकार झाडाकडं बघून ठरतू,” नबीलाल म्हणाला. “कागदाकडं बघून न्हाई.”

ग्रामीण कारागिरांत शास्त्रीय दृष्टीचा कसा अभाव असतो, हे आम्ही नोंदवून घेतले आणि अकरा चाकूंची मागणी दिली.

ऐरणीजवळ एक कोयता पडला होता. टोक आत वळलेले, मूठ घामाने काळी पडलेली. तौलनिक अभ्यासासाठी स्थानिक नमुना हवाच होता. आठ दिवसांत परत करण्याच्या बोलीवर आम्ही तो उचलला आणि रीतसर पावती दिली.

(कोयता धरणाकाठच्या वाडीतल्या भीमाबाईचा. तिने तो धार लावून पाणी पाजायला टाकला होता. तिकडे भाताचे रोप टाकण्याआधी राब करतात: पौष-माघात झाडांचे टहाळ तोडायचे, वाळवायचे, जमिनीवर पसरून उन्हाळ्यात भाजायचे, आणि पाऊस आला की त्या राखेत बी टाकायचे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. आठवड्याने बाई आली तेव्हा नबीलालने तिच्या हाती आमची पावती ठेवली. “ह्या कागदानं टहाळ तुटंल व्हय?” असे ती म्हणाल्याचे समजते. प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.)

पुण्यात नमुन्यांची कसून चाचणी झाली. पोपटचोचीने काकडी उत्तम कापली, पेन्सिल समाधानकारक तासली, श्रीखंडाच्या डब्याचे झाकण एका झटक्यात उघडले. कोयत्याला, म्हणजे नमुना क्र. ४ला, शंभरपैकी नऊ गुण मिळाले. टोक आत वळलेले असल्याने त्याने भोसकता येत नाही, हा मुख्य आक्षेप. (कोणाला भोसकायचे, याबाबत इतिवृत्त मौन आहे.) नापसंत नमुने अहवाल पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावेत, असा ठराव झाला. म्हणून कोयता माझ्या कपाटात कुलपात राहिला.

(माघात भीमाबाई पावतीवरचा पत्ता धरून एसटीने पुण्यात आली आणि हैबतरावांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन तास बसली. आत बैठक चालू होती, विषय मुठीचा रंग. हैबतरावांना वाटले, दाढ दुखते आहे. पाचची गाडी चुकेल म्हणून ती उठून गेली. नवा कोयता करून द्यायला नबीलालकडे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलाद उरले नव्हते; ते अकरा चाकूंत गेले होते. शेजारणींचे कोयते शेजारणींच्या हातात होते. तिने विळ्याने जमेल तेवढे तोडले.)

मेच्या सुट्टीत मंडळ अखेर अरण्यात गेले, म्हणजे भीमाबाईच्या वाडीच्या वरच्या माळावर. प्रत्येकाच्या कमरेला पोपटचोच. पहिल्या चाकूचे टोक ऐनाच्या फांदीवर दुसऱ्याच घावाला उडाले. दुसऱ्याने कोशाध्यक्षांचे बोट कापले. (धार सिद्ध झाली.) बाकीचे नऊ चाकू खराब होऊ नयेत म्हणून सभासदांनी म्यानात ठेवले. तीन तासांत चहापुरतेही जळण निघाले नाही.

(नमुना क्र. ४ छायाचित्रासाठी पेटीत घालून सोबत आणला होता. भीमाबाई खालून चढून आली, कोणाला न विचारता पेटी उघडली, कोयता काढला आणि पाच मिनिटांत आमच्यापुढे जळणाचा ढीग घातला. “च्या घ्या,” ती म्हणाली, “तुमी पावनं. पर समद्यांचं राब भाजून झालं, दादा. आता ह्यो घिऊन मी काय करू?” चहा चांगला झाला होता. मी कप तसाच खाली ठेवला. लाज वाटली, इतकेच. कंस लांबल्याबद्दल क्षमस्व.)

इथवरचा वृत्तान्त मंडळाच्या वार्षिकांकात सविस्तर छापला. सत्तावीस वाचकांची पत्रे आली. सव्वीस जणांनी मुठीचा रंग कोणता ठरला, हे विचारले. सत्ताविसाव्याला असा चाकू कुठे मिळेल, ते हवे होते. भीमाबाईचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. वाचकांचा दोष नाही. तिचा सगळा मजकूर आम्ही कंसात घातला होता, आणि शिकलेला माणूस कंस ओलांडून पुढे जातो. आपणही शिकलेलेच आहात. पोपटचोचीला काकडी कशी कापता आली ते आपल्या लक्षात असेल. त्या बाईला भाताची खाचरे किती होती, ते आपण विचारलेत का?

मुठीचा रंग तपकिरी ठरला.

(दोन. एक त्या वर्षी पडीक राहिले.)