महाराजांच्या हस्ते ड्राइव्ह

एका जंगलात, बाळांनो, एक सर्व्हर होता. सिंहही होता, पण तो थोडा उशिरा येईल. प्रमुख पाहुणे वेळेवर आलेले तुम्ही कधी पाहिलेत?

सर्व्हर म्हणजे गुहेत ठेवलेलं एक लोखंडी कपाट. कोणतं बीळ कोणाचं, कोणती ढोली कोणाची, हे सगळं त्याच्या पोटात असायचं. पोटात दोन ड्राइव्ह होते. दोघांतही तेच साठवलेलं, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसरा असतोच. एवढा शहाणपणा त्या जंगलात एकदाच झाला होता. तोही बाहेरून आलेला कोणीतरी करून गेला होता.

एके दिवशी एका ड्राइव्हचा हिरवा दिवा लाल झाला.

सर्व्हरची देखभाल प्रल्हाद उदमांजराकडे होती. त्याला काम चांगलं येत होतं. आधी सर्व्हरला सांगायचं, की बाबा, हा ड्राइव्ह आता सोड. मग त्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. मग खिट्टी दाबून अलगद ओढायचा आणि तिथे नवा बसवायचा. चहा निवायच्या आत होणारं काम.

पण त्याने परवानगी मागितली.

सोहळा खात्याचे प्रमुख होते कोल्हेसाहेब. ते म्हणाले, "एवढं मोठं काम आणि तुम्ही परस्पर उरकणार? छे छे! महाराजांच्या हस्ते होऊ द्या की!"

झालं. गुहेपुढे मांडव घातला. सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. झेंडूचा असा जाडजूड हार घातला, की दोन्ही दिवे त्याखाली झाकले गेले.

गर्दीत वसुधा साळिंदर उभी होती. तिच्या बिळावर जगदेवराव तरसाने दावा सांगितला होता. जगदेवरावांचं राजवाड्यात रोजचं जाणं-येणं. सोमवारी सुनावणी होती. बीळ वसुधाबाईचं, हे सर्व्हरला ठाऊक होतं. आणखी कोणाला ठाऊक असून उपयोग नव्हता. घरात पिल्लं लहान होती आणि बाई फार घाबरली होती.

"अहो प्रल्हादभाऊ," ती हळूच म्हणाली, "दिवे दिसत नाहीत हो. लाल कुठला ते कसं कळायचं?"

"मला माहितीये ना. डावीकडचा."

"मग महाराजांना सांगा की!"

"सांगतो हो. भाषणं तर होऊ देत."

भाषणं झाली. महाराज उठले. त्यांनी आयाळ सारखी केली. त्यांचा पंजा उजवीकडच्या ड्राइव्हवर गेला, कारण फोटोवाला उजवीकडे उभा होता.

प्रल्हाद कोल्हेसाहेबांच्या कानाशी लागला. "साहेब, तो नाही, दुसरा. आणि सर्व्हरला अजून सोडायला सांगितलेलंही नाही. हार जरा बाजूला केला तर..."

"पूजेचा हार काढता? अपशकुन करता?" कोल्हेसाहेब दात आवळून म्हणाले. "आणि महाराजांनी टाकलेला पंजा मागे घ्यायचा? तुम्हाला बढती हवीय ना?"

प्रल्हादने बढतीचा विचार केला. मग त्याने टाळ्या वाजवायला पंजे वर घेतले.

"भाऊ, अहो बोला ना!" वसुधाबाई ओरडली. पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती.

महाराजांनी ड्राइव्ह खसकन ओढला. सर्व्हरने एकदा घरघर केली आणि तो गप्प झाला. काम फत्ते झालं असं समजून सगळ्यांनी पेढे खाल्ले.

सोमवारी सर्व्हरला विचारायला गेले, तर तो उत्तरच देईना. पोटात आजारी ड्राइव्ह तेवढा उरला होता. धडधाकट होता तो दरबारात, काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलेला. खाली पाटी होती: 'महाराजांनी स्वहस्ते काढलेला खराब ड्राइव्ह.'

"तो चांगला आहे हो!" वसुधाबाई काकुळतीला आली. "परत बसवून तर बघा. माझं बीळ त्यात आहे."

"महाराजांनी काढला म्हणजे तो खराबच," कोल्हेसाहेब म्हणाले. "चांगला असता तर महाराजांनी कशाला काढला असता?"

वसुधाबाई प्रल्हादकडे वळली. "भाऊ, तुम्ही सांगा. तुम्हाला माहितीये."

प्रल्हादच्या छातीवर नवाकोरा बिल्ला होता. त्याने तो पुसला. "पाटीवर लिहिलंय तसंच आहे, बाई."

त्याच संध्याकाळी जगदेवराव बिळात राहायला आले. तोंड अरुंद आहे, अशी कुरकुरही त्यांनी केली. वसुधाबाई पिल्लांना घेऊन नदीपलीकडे निघाली. वाटेत दरबार लागला. पिल्लांनी विचारलं, "आई, आपलं घर कुठं गेलं?" तिने काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं.

तात्पर्य : कोणता ड्राइव्ह काढायचा, हे दिव्यावरून ठरतं. तो बरोबर काढला की नाही, हे मात्र काढणाऱ्यावरून ठरतं. म्हणून बाळांनो, मोठे झालात की दिवे बघत बसू नका. पंजा कोणाचा आहे तेवढं बघा आणि टाळ्या वाजवा.