मध्यम तीव्रता आणि लाल शाई

केयूरने डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण खिशातली चिठ्ठी त्याच्याकडून हमखास धुतली जाते (आजवर चार चिठ्ठ्या आणि ऑफिसचं एक ओळखपत्र धुऊन वाळत पडलेलं आहे). म्हणून त्याने ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली. वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर कागद लावणं म्हणजे शरच्चंद्रांकडे पेपर तपासायला देणंच.

शरच्चंद्र म्हणजे केयूरचे वडील. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पुण्यातला माणूस स्वतःच्या कामातून निवृत्त होतो, दुसऱ्याच्या नाही. लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, किराण्याची यादी, हाताला लागेल ते लाल बॉलपेनने दुरुस्त करायचं आणि जगाला अक्कल नाही म्हणून खुशीत चहा प्यायचा, हा त्यांचा दिनक्रम.

चिठ्ठीत होतं: 'दोघांनी रोज पाऊण तास भरभर चालणे. मध्यम तीव्रता. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये. झोप पुरेशी.'

संध्याकाळी केयूर हडपसरच्या आयटी पार्कातून घरी आला, तर 'मध्यम'वर लाल काट आणि वर 'उच्च'. 'दोघांनी' खोडून 'केयूरने', कारण सुनेला पळवणं बरं दिसत नाही. बोलण्याच्या वाक्याशेजारी समासात शेरा: 'अनावश्यक.'

"बाबा, हे डॉक्टरांनी लिहिलंय."

"मग काय झालं? आपल्या घराण्यात 'मध्यम' कोणी आणलेलं नाही. तुझी बारावी सोडली तर."

आता यावर केयूरने खरं कारण सांगून टाकायला हवं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातली तीन तो आणि त्याची बायको कादंबरी बाळाची वाट बघत होते. डॉक्टर प्रेमलाबाईंनी समजावलं होतं, की चरबी वाढली की हॉर्मोन्सचा कारभार बिघडतो. पुरुषातलं पुरुषी हॉर्मोन उतरतं, बाईतलं तेच नको तितकं चढतं आणि पाळीचं वेळापत्रक कोलमडतं. केयूर एकशे तीन किलो, त्याच्या हॉर्मोनचा आकडा दोनशे चाळीस. तीनशेच्या वर हवा. चालून चढला तर उत्तम, नाहीतर दोघांनाही औषधं आणि इंजेक्शनं.

पण घरी त्याने सांगितलं होतं, "वजनाचं आहे." (ज्या घरात मुलाचं कोलेस्टेरॉल वॉचमनलासुद्धा तोंडपाठ असतं, तिथे दुसरं काय सांगणार?)

शरच्चंद्रांनी शाळेतले जुने पीटी मास्तर सर्जेराव बोलावले. सर्जेराव गळ्यात शिट्टी घालूनच आले. पहाटे पाचला आठ मजल्यांचा जिना, वर-खाली, दहा वेळा. मग टेकडीवर पळत. तळमजल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत स्टॉपवॉच घेऊन शरच्चंद्र बसलेले. स्वतः ते लिफ्टने खाली यायचे.

"केयूरशेट, गुडघं वर! असं काय रांगताय?"

"सर्जेराव... जरा... श्वास..."

"बोलायला दम हाय म्हंजे कमी पळलाय! अजून दोन!"

"अठ्ठावन्न गुण," शरच्चंद्र खुर्चीतून म्हणायचे. "प्रयत्न बरा. उत्तर चूक."

दुसऱ्या आठवड्यात केयूर ऑफिसच्या मीटिंगमध्ये उभ्या उभ्या झोपला. अमेरिकेतल्या क्लायंटने फोनवर विचारलं, हा घर्र आवाज कसला? टीम लीडने सांगितलं, लाईन खराब आहे. घरी तो आमटीच्या वाटीत डोळा लावायचा. डॉक्टरांनी बाळासाठी अनुकूल म्हणून सांगितलेल्या तीन तारखांना कॅलेंडरवर गोल केले होते. त्या तिन्ही दिवशी केयूर साडेआठला, बूट न काढता, सोफ्यावर आडवा. कादंबरीने तिसऱ्या दिवशी त्याचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"उतरला?" प्रेमलाबाईंनी चष्मा काढला. "नक्की काय करत होतात?"

केयूरने सांगितलं.

"मी 'मध्यम' लिहिलं होतं."

"बाबांनी दुरुस्त केलं."

"बाबा डॉक्टर आहेत?"

"गणिताचे मास्तर."

"अच्छा. म्हणजे डॉक्टरांच्याही वरचे." त्यांनी चष्मा चढवला. "हे बघा, झोप मोडून रोज असं कुणी पळायला लागलं, की शरीराला वाटतं मागे वाघ लागलाय. वाघ मागे लागलेला माणूस पाळणा विकत घ्यायला थांबत नाही. अजून सहा आठवडे देते. मग मात्र औषधं."

दोघं रिक्षाने परत निघाले. वारज्याच्या पुलाखाली कादंबरी म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," केयूर म्हणाला. घरात शिरल्यावर तो म्हणाला, "बाबा, चहा घेणार?"

कादंबरीने मग सासऱ्यांच्या खिशातलं लाल पेन काढलं. (त्या पेनला छत्तीस वर्षांत दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.) फ्रिजवरच्या चिठ्ठीत 'उच्च' खोडलं, 'मध्यम' लिहिलं, 'केयूरने'चं 'दोघांनी' केलं.

"बाबा, हे वजनासाठी नव्हतं. बाळासाठी होतं."

शरच्चंद्र आधी चिठ्ठीकडे, मग मुलाच्या पोटाकडे बघत राहिले.

"मग उदाहरण नीट घालायचं ना," ते शेवटी म्हणाले. "पक्षच चुकीचा दिला, तर साध्य काय कपाळ सिद्ध होणार?"

स्वयंपाकघरातून केयूरची आई, मंदाकिनी, पोळीचं लाटणं घेऊनच बाहेर आली. "अहो, केयूरच्या वेळी तुमच्यामागे कोण शिट्टी वाजवत होतं?"

शरच्चंद्र पेपर घेऊन गॅलरीत गेले. तो उलटा धरला होता, पण त्यावर त्या दिवशी एकही लाल खूण झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघं चालायला लागले. पहिली अडचण: बोलायचं काय? इतकी वर्षं दोघांच्या शिफ्टा वेगळ्या, संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललेला. पहिले दोन दिवस त्यांनी दुधाचा आणि गॅस सिलिंडरचा विषय पुरवून पुरवून वापरला. तिसऱ्या दिवशी कादंबरीने शरच्चंद्रांची नक्कल केली, "प्रयत्न बरा. उत्तर चूक." केयूर हसून हसून फुटपाथवर बसला. मग विषय कधी संपला नाही. म्हातारा पहिल्यांदाच कामाला आला. कॅलेंडरही पुन्हा सुलट झालं.

सहा आठवड्यांनी केयूर चौऱ्याण्णव किलो, आकडा तीनशे सहा. कादंबरीचं वेळापत्रक लागोपाठ दोनदा वेळेवर. "औषधं नकोत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "चालत राहा, बोलत राहा. आता आशेला जागा आहे."

केयूर तरंगत घरी आला. रिपोर्ट त्याने टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेला. (माणूस आनंदात गाढव होतो.)

बाहेर येऊन बघतो, तर रिपोर्ट फ्रिजवर. समोर शेजारपाजारचे चौघे आणि शिट्टीसकट सर्जेराव, पेढे खात वाचत उभे. तीनशे सहाभोवती लाल गोल आणि शेजारी शरच्चंद्रांच्या वळणदार अक्षरात शेरा:

'काठावर पास.'

आणि त्याखाली, बाप व्हायला निघालेल्या केयूरच्या रिपोर्टवर, ठसठशीत लाल शाईत: पालकांची सही.